मोजणारे आणि मोजले जाणारे

बीदर आणि कलबुर्गी या जिल्ह्यांना मोजणीची सवय जुनी आहे. निजामी अमलात येथे शिरगणत्या झाल्या. पुढे १ नोव्हेंबर १९५६ रोजी भाषेच्या हिशेबाने जुना बीदर जिल्हा तीन राज्यांत वाटला गेला: उदगीर, निलंगा मुंबई राज्याकडे, जहिराबाद आंध्र प्रदेशाकडे आणि भालकी, औराद म्हैसूर राज्याकडे. मराठी व कानडी एकाच अंगणात नांदणाऱ्या माणसाला कोणत्या रकान्यात घालावे, हे मोजणारा ठरवीत असे.

रोगाला मात्र सीमारेषा कळत नाही. १९८६ साली मद्रासमध्ये डॉ. सुनीती सॉलोमन यांच्या पुढाकाराने एच.आय.व्ही.ची बाधा भारतात प्रथम उघडकीस आली. १९९२ साली राष्ट्रीय एड्स नियंत्रण संघटना स्थापन झाली. त्याच वर्षी पुण्याजवळ भोसरी येथे राष्ट्रीय संशोधन संस्थाही उभी राहिली. पैसा आला, मोजणी सुरू झाली. परंतु ज्यांना समाजाने आधीच तुच्छ लेखले, त्यांनी परक्या माणसाला खरे उत्तर का द्यावे?

हाच प्रश्न दूर कॅनडातील मूलनिवासींनीही विचारला होता. आपल्याविषयीच्या माहितीची मालकी, नियंत्रण, ती पाहण्याचा अधिकार आणि तिचा ताबा आपल्याकडे हवा, असे सूत्र त्यांनी १९९८ साली मांडले. योगायोग असा, की २००१ साली कॅनडा सरकारच्याच निधीतून मॅनिटोबा विद्यापीठाने कर्नाटकात एच.आय.व्ही.विषयक काम आरंभिले. २००३ साली गेट्स प्रतिष्ठानची ‘आवाहन’ योजना आली. तिच्या सहा राज्यांत कर्नाटक आणि महाराष्ट्र दोन्ही होती.

या काळात कर्नाटकात एक साधी युक्ती वापरण्यात आली. काही जणांना एकत्र बसवावयाचे, प्रत्येकापुढे मतदानासारखा आडोसा ठेवावयाचा आणि प्रश्न मोठ्याने वाचावयाचा. उत्तराची चिठ्ठी पेटीत पडे. नाव कोणाचेच नाही. मग बेरीज त्याच गटापुढे मांडून तिचा अर्थ त्यांनाच विचारावयाचा. समोरासमोरच्या मुलाखतीत लपणाऱ्या गोष्टी येथे अधिक मोकळेपणाने बाहेर आल्या.

परंतु निधीला अटीही असतात. याच सीमेच्या पश्चिम टोकाला, सांगलीत, १९९२ साली ‘संग्राम’ ही संस्था आणि १९९६ साली देहविक्रय करणाऱ्या स्त्रियांची ‘वेश्या अन्याय मुक्ती परिषद’ उभी राहिली; त्यांचे काम निपाणीपर्यंत पोहोचले. अमेरिकेच्या २००३ च्या कायद्याने मदत घेणाऱ्या संस्थेवर वेश्याव्यवसायाला विरोध लेखी जाहीर करण्याची अट घातली. ज्यांच्यासह काम करावयाचे त्यांच्याच विरुद्ध सही कशी करावी? २००५ साली ‘संग्राम’ने ती मदत सोडली. पुढे २०१३ साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने तेथील संस्थांपुरती ही अट रद्द केली. परदेशी संस्थांना ती लागू राहू शकते, असे २०२० साली ठरविले.

भारताच्या २०१७ च्या कायद्याने एच.आय.व्ही. चाचणीला आणि बाधितांवरील संशोधनाला त्यांची समजून दिलेली संमती आवश्यक केली, हे थोर पाऊल होय. तथापि संमती म्हणजे केवळ ‘नाही’ म्हणण्याचा हक्क. कोणता प्रश्न विचारावा आणि उत्तराचे काय करावे, हे पैसा मंजूर होतानाच ठरते. त्या बैठकीत मोजले जाणाऱ्यांना आसन नसेल, तर नवे संशोधन ही जुनी शिरगणतीच ठरेल.