मारुती चितमपल्ली : जंगलात राहायची विद्या ते कोणाकडून शिकले?

जंगलात तग धरणारा माणूस म्हटलं की आज डोळ्यांसमोर येतो टीव्हीवरचा बेअर ग्रिल्स. हातात चाकू, खांद्यावर दोरी आणि मागे कॅमेऱ्यांचा ताफा. 2019 मध्ये तर पंतप्रधान नरेंद्र मोदीही त्याच्यासोबत जिम कॉर्बेट राष्ट्रीय उद्यानात दिसले. पण त्याच्या कितीतरी आधी महाराष्ट्रातला एक वनाधिकारी रानात राहत होता. एका एपिसोडपुरता नाही, तर तीन दशकं.

मारुती चितमपल्लींचा जन्म 5 नोव्हेंबर 1932 चा, सोलापूरचा. गिरण्यांचं शहर, घरची भाषा तेलुगू, आजूबाजूला माळरान. लोहा-कंधारकडच्या माणसाला दाट जंगलासाठी किनवट-माहूर गाठावं लागतं, तशीच गत. पाखरांची आणि रानाची पहिली ओळख आईने करून दिली. पुढे कोइमतूरच्या वन महाविद्यालयात शिक्षण झालं आणि वनखात्याची नोकरी लागली. कर्नाळा, नवेगावबांध, नागझिरा, मेळघाट अशा बदल्या होत गेल्या. 1990 मध्ये ते उपमुख्य वनसंरक्षक म्हणून निवृत्त झाले.

खरी गोष्ट या बदल्यांमधली आहे. कॉलेजात झाडांची शास्त्रीय नावं शिकवतात, पण वाघ कुठे बसलाय हे सांगत नाहीत. ते गोंड, माडिया, कोरकू आणि पारधी लोकांना ठाऊक होतं. उदाहरणार्थ, उंच फांदीवरचं वानर खाकरायला लागलं की खाली शिकारी जनावर फिरतंय, असं समजायचं. चितळ जरा भित्रं, ते उगाचही ओरडतं. पण सांबर ओरडलं तर मात्र पाय जपून टाकायचा. जीपीएस नसताना जीव वाचवणारी माहिती हीच. साहेबाने वनमजुराला गुरू मानायचं, ही गोष्ट तेव्हाच्या सरकारी खात्यात काही सोपी नव्हती.

नवेगावबांधला त्यांना माधवराव पाटील डोंगरवार भेटले. तलाव आणि भोवतालचं रान अंगणासारखं ओळखणारा माणूस. 'नवेगावबांधचे दिवस' हे पुस्तक याच काळावर आहे.

ऐकलेलं ते टिपून ठेवत. हे महत्त्वाचं, कारण ही विद्या कुठेच लिहिलेली नव्हती. आता मेळघाटसारख्या व्याघ्र प्रकल्पांतून गावं बाहेर हलवली जात आहेत. जाणती माणसं गेली की त्यांच्यासोबत प्राण्यांची, झाडांची नावंही जातात. 'पक्षीकोशा'त चितमपल्लींनी अशी पुष्कळ नावं गोळा केली.

जिथे मराठी शब्दच नव्हता, तिथे त्यांनी तो घडवला. पक्षी रात्री मुक्कामाला जमतात ती जागा म्हणजे 'रातनिवारा'. कावळ्यांच्या वसाहतीला 'काकागार', बगळ्यांच्या वसाहतीला 'सारंगागार'. गावातल्या वडा-पिंपळावर संध्याकाळी जो कलकलाट चालतो ना, तो रातनिवाराच.

2006 मध्ये सोलापूरला भरलेल्या 79 व्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष होते. वनखात्यातून आलेल्या लेखकाला हा मान मिळणं विरळच. जानेवारी 2025 मध्ये पद्मश्री जाहीर झाली, जरा उशिराच म्हणायची. त्याच वर्षी 18 जूनला, वयाच्या 92 व्या वर्षी, सोलापुरातच त्यांचं निधन झालं.

त्यांचं आत्मचरित्र 'चकवाचांदण' चांगलंच जाडजूड आहे. पहिल्यांदाच वाचणार असाल तर 'रानवाटा'पासून सुरुवात केलेली बरी.