चौदा की सोळा? सीडी प्लेअरच्या आवाजाची परीक्षा

दोन घड्याळांपैकी कोणते बरोबर चालते हे ठरवणे अवघड नाही. त्यांच्याहून अचूक असे तिसरे घड्याळ शेजारी ठेवले की झाले. पण दोन सीडी प्लेअरपैकी कोणाचा आवाज चांगला, हे कसे ठरवायचे? येथे मोजणारे उपकरण म्हणजे आपला कान, आणि कानामागे असते मन. 1980 च्या दशकात ध्वनिप्रेमींमध्ये या प्रश्नावर बराच वाद झाला. त्या वादाचा इतिहास पाहिला, तर ध्वनीबरोबरच विज्ञानाच्या पद्धतीविषयीही आपल्याला काही शिकता येते.

सीडीची प्रमाणे फिलिप्स आणि सोनी या दोन कंपन्यांनी मिळून 1980 मध्ये ठरवली. ध्वनीचे दर सेकंदाला 44,100 नमुने घ्यायचे आणि प्रत्येक नमुना 16 बिटांत, म्हणजे 2 चा 16 वा घात = 65,536 पायऱ्यांपैकी एका पायरीवर नोंदवायचा. 44,100 हा विचित्र आकडा आला कोठून? त्या काळी अंकीय ध्वनिमुद्रण व्हिडिओ टेपवर केले जाई. चित्राच्या प्रत्येक ओळीत 3 नमुने, वापरात येणाऱ्या 245 ओळी आणि सेकंदाला 60 क्षेत्रे यांचा गुणाकार करा, 44,100 येतात. युरोपातील पद्धतीत 3, 294 आणि 50 यांचा गुणाकारही तेवढाच! विद्यार्थ्यांना हा गुणाकार जरूर करायला सांगावा.

सोनीचा सीडीपी-101 हा प्लेअर 1 ऑक्टोबर 1982 रोजी जपानमध्ये विक्रीस आला. त्याची किंमत होती 1,68,000 येन. फिलिप्सचा सीडी-100 युरोपात 1983 मध्ये आला. तबकडी एकच, प्रमाणे एकच. पण आकड्यांचे पुन्हा ध्वनीत रूपांतर करण्याच्या दोघांच्या रीती वेगळ्या होत्या.

नमुन्यांपासून सलग ध्वनी बनवताना मूळ स्वरांची 'प्रतिबिंबे' 44,100 च्या दोन्ही बाजूंना उमटतात. 20,000 हर्ट्झच्या स्वराचे प्रतिबिंब 24,100 हर्ट्झला पडते. ते गाळून टाकायलाच हवे. सोनीने 16 बिटांचा रूपांतरक वापरला आणि त्यापुढे अतिशय तीव्र उताराचा फिल्टर बसवला. 20,000 पर्यंत सर्व काही जाऊ द्यायचे आणि 24,100 च्या आत जवळजवळ सर्व काही अडवायचे, हे काम एखाद्या कड्यासारखे. अशा फिल्टरमुळे वरच्या स्वरांच्या वेळा किंचित मागेपुढे होतात.

फिलिप्सजवळ तयार होता तो 14 बिटांचा रूपांतरक. त्यांनी एक युक्ती केली. गणिताने मधले नमुने काढून त्यांची संख्या चौपट, म्हणजे सेकंदाला 1,76,400 केली. आता पहिले प्रतिबिंब 1,56,400 हर्ट्झच्या पुढे गेले, म्हणून साधा, सौम्य फिल्टर पुरला. शिवाय पायऱ्यांमुळे होणारी खरखर चौपट रुंद पट्ट्यात पसरली आणि तिचा बराच भाग ऐकू न येणाऱ्या स्वरांकडे ढकलता आला. परिणामी 14 बिटांच्या रूपांतरकाकडून जवळपास 16 बिटांचे काम मिळाले.

जाहिरात वाचणाऱ्याला मात्र 14 हा आकडा 16 पेक्षा लहानच दिसणार! काहींना सोनीचा आवाज कोरडा वाटे, तर फिलिप्सचा मऊ. कोणी त्याच्या उलट सांगे. सोनीवर आणखी एक आक्षेप होता. त्यात दोन्ही वाहिन्यांसाठी एकच रूपांतरक आळीपाळीने वापरला होता, त्यामुळे एका बाजूचा आवाज सेकंदाच्या सुमारे 11.3 दशलक्षांश भागाइतका मागे राही. दोष मोठा वाटतो ना? पण तेवढ्या वेळात ध्वनी हवेतून 4 मिलिमीटरसुद्धा जात नाही. खुर्चीत बसल्या बसल्या मान किंचित हलवली, तरी याहून मोठा फरक पडतो.

मग ऐकणारे खोटे बोलत होते का? मुळीच नाही. त्यांना फरक खरोखरच जाणवत होता. प्रश्न एवढाच, की तो फरक कशामुळे? समजा एक प्लेअर 2 व्होल्ट देतो आणि दुसरा 2.3 व्होल्ट. हा फरक सुमारे 1.2 डेसिबलचा झाला. एवढ्या फरकाने आवाज 'मोठा' वाटेलच असे नाही. तो 'भरदार', 'स्पष्ट' वाटतो. म्हणून काटेकोर परीक्षेत दोन्ही पातळ्या सुमारे 0.1 डेसिबलच्या आत जुळवून घेतात.

दुसरी अट अशी, की कोणता प्लेअर वाजतो आहे हे ऐकणाऱ्याला ठाऊक नसावे, आणि परीक्षा घेणाऱ्यालाही. बेल प्रयोगशाळेतील मन्सन व गार्डनर यांनी 1950 मध्ये अशी एक पद्धत मांडली होती. 1982 मध्ये डेव्हिड क्लार्क यांनी तिच्यावर आधारित यंत्राचे वर्णन प्रसिद्ध केले. 'अ' ऐका, 'ब' ऐका, मग 'क्ष' ऐका. क्ष हा अ आहे की ब, ते सांगा.

16 वेळा विचारले तर उत्तरांच्या बरोबर-चूक अशा एकूण जुळण्या होतात 65,536, सीडीच्या पायऱ्यांइतक्याच! त्यांपैकी 12 किंवा अधिक उत्तरे बरोबर असणाऱ्या जुळण्या 2,517. म्हणजे निव्वळ अंदाजाने एवढे यश मिळण्याची शक्यता सुमारे 3.8 टक्के. म्हणून 16 पैकी 12 उत्तरे बरोबर आली, तर फरक ऐकू येत असावा असे मानायला आधार मिळतो. 9 आली तर नाही.

2007 मध्ये मेयर आणि मोरन यांनी अधिक सूक्ष्म मुद्रणे घेतली आणि ती थेट, तसेच सीडीच्या प्रमाणातून गाळून, अशी दोन्ही प्रकारे ऐकवली. 554 प्रयत्नांत 276 उत्तरे बरोबर आली. नाणे उडवले असते तर 277 ची अपेक्षा होती! मात्र 2016 मध्ये जोशुआ राईस यांनी 18 प्रयोग एकत्र तपासले, तेव्हा बरोबर उत्तरांचे प्रमाण 52.3 टक्के निघाले. फरक अगदी थोडा, पण केवळ योगायोग म्हणून सोडून देण्यासारखा नव्हता, आणि सराव असलेल्यांना तो अधिक ओळखता आला. म्हणजे 'कोणालाच काही ऐकू येत नाही' असे म्हणणेही घाईचेच.

वर्गात एक सोपा प्रयोग करता येईल. एकच गाणे दोनदा वाजवा; दुसऱ्यांदा आवाज अगदी किंचित वाढवा. 'कोणते मुद्रण चांगले?' एवढेच विचारा आणि हात मोजा. दुसऱ्या वर्गात क्रम उलटा ठेवा. मग मुलांना खरी गोष्ट सांगा. आपल्याला जाणवते ते खरे असते. पण त्याचे कारणही आपण समजतो तेच असेल असे नाही. एवढे मुलांच्या लक्षात आले, तर त्या तासाला पाठ्यपुस्तक उघडले नाही तरी चालेल.