नान्सेन, फ्रित्यॉफ

नान्सेन, फ्रित्यॉफ : (१० ऑक्टोबर १८६१–१३ मे १९३०). नॉर्वेचा ध्रुवीय समन्वेषक, सागरविज्ञ व मुत्सद्दी. १९२२ च्या शांतता नोबेल पारितोषिकाचा मानकरी. जन्म ख्रिस्तियानिया (आताचे ऑस्लो) शहराजवळ. शिक्षणाने तो प्राणिशास्त्रज्ञ. १८८२ मध्ये सीलच्या शिकारीला निघालेल्या जहाजावरून त्याने आर्क्टिक समुद्र पहिल्यांदा पाहिला. पुढे बर्गेनच्या संग्रहालयात काम करताना मज्जासंस्थेवर प्रबंध लिहून १८८८ मध्ये डॉक्टरेट मिळवली.

त्याच वर्षी तो पाच साथीदारांसह ग्रीनलंडचा हिमप्रदेश ओलांडायला गेला. आधीच्या मंडळींनी वस्तीच्या पश्चिम किनाऱ्यावरून आत शिरण्याचे प्रयत्न केले होते. नान्सेनने निर्जन पूर्व किनाऱ्यावरून सुरुवात केली, म्हणजे माघारीला जागाच उरली नाही. पथकात सामी जमातीचे दोघे होते. स्कीवरून हा प्रवास पुरा झाला. परतीचे जहाज न मिळाल्याने हिवाळा पश्चिम किनाऱ्यावरील गॉटहोबला काढावा लागला आणि तिथे नान्सेन स्थानिक इन्युइटांकडून कयाक वल्हवायला शिकला.

‘जीनेट’ हे अमेरिकन जहाज १८८१ मध्ये सायबीरियाच्या उत्तरेला बर्फात चिरडून बुडाले होते. त्याचे अवशेष तीन वर्षांनी ग्रीनलंडच्या नैर्ऋत्य किनाऱ्यापाशी सापडले. बर्फासोबत लाकडे ध्रुवीय समुद्र ओलांडून वाहत येतात, तर बर्फात अडकलेले जहाजही ध्रुवाजवळून तसेच येईल, असा नान्सेनचा तर्क होता. अनेक जाणत्यांना तो वेडेपणा वाटला. जहाजबांधणीकार कॉलिन आर्चरने त्याच्यासाठी ‘फ्राम’ बांधले ते गोलसर बुडाचे, बर्फाने दाबल्यावर न चिरडता वर उचलले जाईल असे. जून १८९३ मध्ये ते निघाले आणि सप्टेंबरात बर्फात रुतले; रुतवायचेच होते. जहाजावर तेरा माणसे होती. आर्क्टिक समुद्र उथळ असावा ही समजूत इथे खोटी ठरली. तळाला दोरी पुरेना, तेव्हा जहाजाचा पोलादी दोरखंड उलगडून नवी दोरी वळली गेली आणि ३,००० मी.हून अधिक खोली मोजली गेली. बर्फ वाऱ्याच्या दिशेने न वाहता तिच्या उजवीकडे कलतो, हे नान्सेनने टिपले. त्याचे गणित पुढे स्वीडनचा सागरविज्ञ एकमान याने मांडले.

जहाज ध्रुवावरून जाणार नाही हे दिसताच मार्च १८९५ मध्ये नान्सेन व याल्मार योहान्सेन कुत्र्यांच्या घसरगाड्या घेऊन उत्तरेकडे निघाले. एप्रिलमध्ये ८६° १४′ उत्तर अक्षांशापर्यंत ते पोचले. तोवर इतक्या उत्तरेला कोणी गेले नव्हते. ध्रुव मात्र अजून सुमारे ४२० किमी. दूर होता. बर्फाच्या उंचवट्यांपुढे त्यांनी माघार घेतली. परतताना घड्याळांना चावी द्यायचे राहिले, ती बंद पडली आणि रेखांशाचा नेमका हिशेब सुटला. फ्रान्झ जोझेफ लँडवर दगड व वॉलरसच्या कातड्याच्या खोपटात, अस्वलाच्या मांसावर त्यांनी हिवाळा काढला. एका झोपपिशवीत निजणारे हे दोघे ‘अहो-जाहो’ सोडून ‘अरे-तुरे’वर आले ते म्हणे नववर्षाच्या पूर्वसंध्येला. जून १८९६ मध्ये ब्रिटिश समन्वेषक फ्रेडरिक जॅक्सन अचानक भेटला आणि सुटका झाली. त्याच ऑगस्टमध्ये ‘फ्राम’ही बर्फातून सुखरूप मोकळे झाले. जगाने कौतुक केले ते अक्षांशाच्या विक्रमाचे. नान्सेनचा तर्क मात्र त्याच्या गैरहजेरीत जहाजानेच सिद्ध केला होता. नेत्याने जहाज मध्येच सोडावे का, हा तेव्हा झालेला वाद निराधार म्हणता येणार नाही.

पुढे तो विद्यापीठात प्राध्यापक झाला. खोल पाण्याचे नमुने घेण्याची त्याने सुधारलेली बाटली दीर्घकाळ वापरात राहिली. नॉर्वे स्वीडनपासून वेगळा झाल्यावर १९०६–०८ मध्ये तो लंडनमध्ये राजदूत होता. दक्षिण ध्रुवाच्या स्वतःच्या बेतावर पाणी सोडून त्याने ‘फ्राम’ ध्रुवीय समन्वेषक आमुनसेनला दिले.

पहिल्या महायुद्धानंतर राष्ट्रसंघाच्या वतीने त्याने चार लाखांहून अधिक युद्धकैद्यांना मायदेशी पोचवले. १९२१ मध्ये तो निर्वासितांसाठीचा उच्चायुक्त झाला. नागरिकत्व गमावलेल्या रशियन निर्वासितांना १९२२ पासून देण्यात आलेले ओळखपत्र ‘नान्सेन पासपोर्ट’ म्हणून ओळखले जाते. पुढे ते आर्मेनियनांनाही लागू झाले. संगीतकार स्ट्राव्हिन्स्की व कादंबरीकार नाबोकोव्ह यांच्याकडेही ते होते. लीसाकर येथील राहत्या घरी नान्सेनचे निधन झाले. त्याच्या नावाने निघालेल्या निर्वासित कार्यालयाला १९३८ चे शांतता नोबेल मिळाले.