तळटीप : द मेरेच्या चोवीस फेकी

* लेखकाने एका ओळीत उरकलेला हा संदर्भ १६५४ मधील पास्काल-फर्मा पत्रव्यवहाराचा आहे. त्यातला एक हिशेब विद्यार्थ्याने स्वतः करून पाहावा इतका मोलाचा आहे. शेव्हालिए द मेरे याचा तर्क असा : एका फाशाच्या ४ फेकींत किमान एकदा सहा पडण्यावर पैज लावणे फायद्याचे ठरते. दोन फाशांची दाने ३६, म्हणजे सहापट. तेव्हा २४ फेकींत दोन्ही फाशांवर एकदम सहा पडण्याची पैजही तशीच फायद्याची ठरायला हवी. ती ठरत नाही.

'किमान एकदा' असे शब्द दिसले की आधी 'एकदाही नाही' याची संभाव्यता काढावी. एका फेकीत सहा न पडण्याची संभाव्यता ५/६. फेकी परस्परांपासून स्वतंत्र असल्याने चार वेळा गुणाकार करायचा : ६२५/१२९६. हे १ मधून वजा केल्यास ६७१/१२९६, म्हणजे सुमारे ०.५१८. दोन फाशांसाठी ३५/३६ चा २४ वा घात १ मधून वजा केला की उरतात सुमारे ०.४९१, २५ फेकींना मात्र ०.५०६.

बरेच विद्यार्थी इथे १/६ चार वेळा मिळवून २/३ असे उत्तर लिहितात. त्या बेरजेत दोनदा सहा पडलेला डाव दोनदा मोजला जातो. तीच रीत ६ फेकींना लावली, तर उत्तर १ येते, म्हणजे सहा पडणारच. प्रत्यक्षात ही संभाव्यता सुमारे ०.६६५ आहे. — संपा.