ओपानाचे दोन पहारेकरी

मॉरिशसप्रमाणेच हवाई बेटांतही उसाच्या मळ्यांसाठी परदेशांतून करारबद्ध मजूर नेण्यात आले होते. त्यांतील ओआहू बेटावर, पर्ल हार्बर बंदरात, अमेरिकेचे आरमार नांगरलेले असे. त्याच्या रक्षणार्थ बेटाच्या उत्तर टोकाशी, ओपाना येथे, भूसेनेचे रडार-यंत्र आकाश न्याहाळी.

7 डिसेंबर 1941, रविवार. यंत्र सकाळी 7 वाजता बंद करावयाचे. परंतु न्याहारीस नेणारी मोटार आली नव्हती, म्हणून जॉर्ज एलियट हा नवशिका शिपाई सरावासाठी पडद्यापाशी बसला. 7 वाजून 2 मिनिटांनी सुमारे 130 मैलांवर विमानांचा प्रचंड थवा दिसू लागला. त्याचा जाणता सोबती जोसेफ लॉकर्ड याला वाटले, यंत्रच बिघडले! तरी वर कळवावेच, हा आग्रह एलियटचा. मग लॉकर्डनेही दूरध्वनीवर निकडीने सांगितले. परंतु ती कॅलिफोर्नियाहून येणारी स्वकीय विमाने असावीत, असे समजून लेफ्टनंट कर्मिट टायलर यांनी काळजी न करण्यास सांगितले. दोघे 7:39 पर्यंत नोंदी करीतच राहिले. आठाच्या आतच जपानी बाँब कोसळू लागले. 2,400हून अधिक अमेरिकन प्राणांस मुकले.

1942 मध्ये लॉकर्डला विशिष्ट सेवा पदक मिळाले. ते अयोग्य होते असे नव्हे. पण आग्रह धरणारा मागेच राहिला. एलियटला 1946 मध्ये त्याहून खालचे पदक देऊ करण्यात आले. ते त्याने नाकारले.