शुद्ध भाषा कोणाची?



आळेफाट्यावर उतरून रेडा समाधीला कधीच न गेलेली बाई आपल्या भागात विरळाच. कथा आपल्याला पाठ आहे. निवृत्ती, ज्ञानदेव, सोपान आणि मुक्ताई ही भावंडं शुद्धिपत्र मागायला पैठणला गेली. तिथं ज्ञानदेवांनी रेड्याच्या तोंडून वेद वदवले. पुढं आळंदीच्या वाटेवर त्याच रेड्याला आपल्या आळ्यात समाधी दिली, अशी परंपरा सांगते.

त्या कथेतला ‘शुद्ध’ हा शब्द मला टोचतो. मी पहिल्यांदा माईकसमोर बसले तेव्हा एक जाणकार म्हणाले, “ताई, आधी भाषा शुद्ध करा. पानी नाही, पाणी.” मी गप्प बसले. आज उत्तर देते, पण त्यासाठी जरा लांबचा वळसा घ्यावा लागेल.

1956 साली अमेरिकेत नोम चॉम्स्की या तरुण भाषाशास्त्रज्ञानं एक प्रश्न मांडला. माणूस कधीही न ऐकलेली वाक्यं सहज बोलतो. मग ती घडवायला नियम किती ताकदीचे लागतात? 1959 मध्ये त्यानं नियमांचे चार वर्ग मांडले. मोठ्या डब्यात लहान डबा, त्यात आणखी लहान, तसे हे एकात एक बसतात.

सर्वांत आतला डबा साध्या नियमांचा. आज कोणता वार एवढं लक्षात असलं की उद्याचा सांगता येतो. परवाचं काही आठवावं लागत नाही. तेवढ्याच स्मरणशक्तीवर चालणाऱ्या भाषा या वर्गात येतात.

दुसऱ्या वर्गाला ताटांची चळत लागते. शेवटी ठेवलेलं ताट आधी निघतं. हे वाक्य ऐका: “जी बाई, जो टेम्पो निघाला होता तो थांबवून बसली, ती माझी मावशी.” आधी ‘जी’ उघडली, मग ‘जो’. मिटताना आधी ‘तो’ मिटला, मग ‘ती’. अशी वाक्यं एकात एक कितीही घालायची मुभा दिली, तर पहिल्या डब्यातले नियम अपुरे पडतात. गणितातले कंसही असेच उघडतात आणि मिटतात.

तिसऱ्या वर्गात शेजार बघावा लागतो. शेजारी कोण आहे यावर अक्षराचं रूप ठरतं. चौथ्या, सर्वांत बाहेरच्या वर्गात नियमांना बंधनच नाही. संगणकाला जे जे करता येतं ते सगळं त्यात मावतं. मात्र तिथं एखादं वाक्य भाषेत बसत नाही, हे यंत्र दरवेळी सांगेलच अशी हमी उरत नाही. ताकद वाढली की खात्री कमी होते.

संगणकाला आज्ञा द्यायच्या भाषा मुख्यतः दुसऱ्या वर्गाच्या चौकटीत लिहिल्या जातात. 1959 मध्ये जॉन बॅकस यांनी असे नियम लिहायची पद्धत मांडली, 1960 मध्ये पीटर नाउर यांनी ती वापरात रुळवली. 1967 मध्ये पीटर इंगरमन यांनी सुचवलं, की या पद्धतीला पाणिनीचंही नाव द्यावं.

पाणिनी कशाला आठवला? अडीच हजार वर्षांच्या आसपास झाली, त्यानं सुमारे चार हजार सूत्रांत संस्कृतची घडण बांधली. ‘इति’ आणि ‘आदि’ जोडले की ‘इत्यादी’ होतं. पुढं स्वर आला म्हणून ‘इ’चा ‘य्’ झाला. असा नियम सांगताना पाणिनी विभक्तीच खुणेसारख्या वापरतो: कशाच्या जागी ते षष्ठीत, काय यावं ते प्रथमेत, कशाच्या आधी ते सप्तमीत, कशानंतर ते पंचमीत. शेजार बघणाऱ्या नियमांची ही रीत फ्रिट्स स्टाल यांनी 1965 मध्ये चॉम्स्कीच्या तिसऱ्या वर्गाशी जोडून दाखवली.

या अभ्यासात आपल्या पुण्याचाही वाटा आहे. डेक्कन कॉलेजात शिकवणाऱ्या फ्रान्झ कीलहॉर्न यांनी पाणिनीवरचं पतंजलीचं महाभाष्य संपादित केलं. 1880 ते 1885 या काळात ते मुंबईत छापलं गेलं. मराठीचं व्याकरण दादोबा पांडुरंग तर्खडकरांनी 1836 मध्ये छापलं, आणि मोरो केशव दामल्यांचा मोठा ग्रंथ 1911 चा.

आता माझं उत्तर. या चार वर्गांत वरचा-खालचा मान नाही. नियम किती ताकदीचे लागतात, एवढंच ते मोजतात. बोलणारा कोण, त्याच्याकडं शुद्धिपत्र आहे का, हे तिथं कोणी विचारत नाही. माझी आई ‘पानी’ म्हणते, ‘लोनी’ म्हणते, ‘कोन’ म्हणते. पुस्तकात जिथं ‘ण’, तिथं ती ‘न’ म्हणते, आणि एकदाही चुकत नाही. चूक अशी शिस्तीत होत नसते. तो तिच्या बोलीचा नियम आहे.

पुस्तकी मराठी परीक्षेला, अर्जाला लागते. मुलींनी ती जरूर शिकावी. पण त्यासाठी आईच्या बोलीची लाज शिकू नये. उद्या मराठी ऐकणारी यंत्रं घरोघर येतील. त्यांना फक्त पुस्तकी बोलणं ऐकवलं, तर आपल्या आयांचं बोलणं त्यांना कळायचं कसं?

म्हणून एक काम सांगते. या आठवड्यात आजीच्या तोंडचा असा एक नियम शोधा, वहीत लिहा आणि पुढच्या वेळी इथं येऊन सांगा. आणि हो, बोलताना ‘पानी’च म्हणा.