फाळके यांचे चित्रपटलेखन : निर्मिती आणि चिकित्सा

मराठीतील चित्रपटविचाराचा आरंभ बोलपटाच्या काळात शोधण्याकडे अभ्यासकांचा कल दिसतो. परिणामी धुंडिराज गोविंद फाळके (1870–1944) आद्य निर्माते म्हणून इतिहासात स्थिरावतात आणि त्यांचे लेखन केवळ चरित्राचे साधन ठरते. ‘नवयुग’ मासिकात 1917–18 साली प्रसिद्ध झालेली त्यांची लेखमाला स्वतंत्र संहिता म्हणून वाचली, तर ही विभागणी टिकत नाही.

‘राजा हरिश्चंद्र’ 3 मे 1913 रोजी मुंबईच्या कॉरोनेशन चित्रगृहात प्रदर्शित झाला. ही कथा प्रेक्षकाला पुराण, कीर्तन व नाटक यांतून परिचित होती. त्यामुळे पुढे काय घडणार हे सांगण्यापेक्षा कथेतील कोणता क्षण दृश्य करावयाचा, हाच लेखकापुढील प्रश्न होता. समकालीन संगीत नाटकाचा भार पदांवर व संवादांवर होता. मूकपटाला पडद्यावरील मोजक्या पाट्या आणि नटाची देहबोली एवढेच आधार होते. लेखन येथे दृश्यांची निवड आणि क्रम यांत सामावलेले होते. फाळके यांच्या बाबतीत लेखक व दिग्दर्शक एकच असल्याने ते चित्रीकरणापासून वेगळे काढताही येत नाही.

‘नवयुग’मधील लेखांचे महत्त्व या संदर्भात ध्यानात येते. ख्रिस्तचरित्रावरील चित्रपट पाहताना आपल्या मनश्चक्षूंसमोर राम-कृष्ण उभे राहिले, हे फाळके यांचे निवेदन आख्यायिका म्हणून वारंवार सांगितले जाते. वस्तुतः ते प्रेक्षणक्रियेचे विश्लेषण आहे. पडद्यावरील प्रतिमा आणि प्रेक्षकाच्या सांस्कृतिक स्मृतीतील प्रतिमा एकाच वेळी कार्यरत असतात, ही जाणीव त्यात व्यक्त झाली आहे. त्यांच्या पौराणिक चित्रपटांचे तत्त्वही हेच होय.

या लेखनाला मर्यादा आहेत. 1918 साली हिंदुस्थान सिनेमा फिल्म कंपनी स्थापन झाली. लेखमाला त्याच सुमाराची असल्याने स्वदेशी उद्योगाची आणि भांडवलाची बाजू मांडणे हा तिचा उघड हेतू आहे. चिकित्सेचे रूपांतर अनेकदा वकिलीत होते. तथापि तेवढ्यावरून ती त्याज्य ठरत नाही. भांडवल ही ज्या कलेच्या रूपाचीच पूर्वअट आहे, तिची मीमांसा अर्थकारण वगळून करता येत नाही. 1917 सालच्या ‘चित्रपट कसे तयार करतात’ या लघुपटात त्यांनी निर्मितीप्रक्रियाच दृश्यविषय केली, तर ‘रंगभूमी’ (1922) या नाटकातून तत्कालीन नाट्यव्यवहारावर टीका केली. निर्मिती व चिकित्सा यांचे हे साहचर्य आकस्मिक नव्हते.

‘सेतुबंधन’ (1932) हा त्यांचा अखेरचा मूकपट. त्यास पुढे ध्वनीची जोड द्यावी लागली. बोलपटाबरोबर संवाद प्रभावी झाला आणि चित्रपटाला साहित्याचे निकष लावणे सोपे झाले. दृश्याला प्राधान्य देणारी फाळके यांची भूमिका त्यामुळे मागे पडली. मराठी चित्रपटसमीक्षेला आपली पूर्वपरंपरा निश्चित करावयाची असेल, तर तिला या भूमिकेपासून आरंभ करावा लागेल.